दिवस भरत आलेल्या गर्भवतीसाठी अ‍ॅक्युपंक्चर : एक परिचय आणि काही विचार



वार्षिक अहवालात ताळेबंद व रुग्णसंख्येच्या तक्त्यांसोबत एखाद्या आरोग्यविषयाची ओळख करून देणारा लेख देण्याची आपल्या संस्थेची परंपरा आहे. हे लेखन सहसा डॉक्टर मंडळी करतात. या वर्षी ते माझ्याकडे आले, कारण प्रस्तुत विषय प्रथम प्रशासन कक्षातच उपस्थित झाला आणि त्याची फाईल पुढे अनेक महिने माझ्याच मेजावर राहिली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकाचा नव्हे, हे सुज्ञ वाचकांनी ध्यानी ठेवावे. लेखातील वैद्यकीय मजकूर आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून दिला आहे. मते मात्र माझी आहेत व त्यांची जबाबदारीही माझीच.

गतवर्षी आपल्या उमरखेडचीच एक लेक, विवाहानंतर जर्मनीत स्थायिक झालेली, पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली. नाव नोंदवून झाल्यावर ती थेट माझ्या कक्षात आली व म्हणाली, ‘‘काका, तिकडे छत्तिसाव्या आठवड्यापासून सुईण दर आठवड्याला अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया लावते. त्याने बाळंतपण सोपे जाते म्हणतात. आपल्याकडे ती सोय होईल का?’’ तिच्या पाठोपाठ आलेल्या आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ‘‘साहेब, पोटुशी बाईला सुया टोचतात का कुठं?’’ असे त्यांनी मला हळूच विचारले. त्या क्षणी माझ्याकडे दोघींनाही देण्याजोगे उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जी माहिती हाती आली, ती येथे मांडतो. जाता जाता एक सांगावेसे वाटते की, मराठीतील ‘सुईण’ या शब्दाचा सुईशी काहीही संबंध नाही; तो प्रसवणे या अर्थाच्या संस्कृत ‘सू’ धातूकडे जातो. परंतु जर्मनीतील सुईणीच्या हाती खरोखरच सुई आहे.

ही पद्धती मूळची चीनमधील. शरीरातून ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठराविक मार्गांनी वाहते, त्या मार्गांवरील विशिष्ट बिंदूंवर बारीक सुई टोचली असता तिचा प्रवाह सुरळीत होतो, अशी तिची पारंपरिक धारणा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलेल्या यादीत असे ३६१ बिंदू आहेत. आधुनिक शरीरशास्त्राला ‘ची’ किंवा तिचे मार्ग आढळलेले नाहीत. तथापि सुई टोचल्याने मज्जातंतू उद्दीपित होतात, वेदना शमवणारी एंडॉर्फिनसारखी द्रव्ये शरीरात स्रवतात व वेदनेची जाणीव काहीशी मंदावते, एवढे प्रयोगांत दिसून आले आहे. सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव आणि केसासारखी बारीक असून तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. योग्य जागी लागली की वेदनेपेक्षा जडपणा व झिणझिण्या अधिक जाणवतात.

ही विद्या भारतात आली ती एका अशा घटनेतून, जिचा मराठी माणसास अभिमान वाटावा. १९३८ साली जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच आपल्या विदर्भातील नागपूरचे डॉ. चोळकरही होते. डॉ. कोटणीसांची कहाणी व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली. डॉ. चोळकरांचे नाव त्या मानाने विस्मृतीत गेले, याची मला विदर्भवासी म्हणून थोडी खंत वाटते. डॉ. कोटणीसांचा ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच अंत झाला. त्यांनी स्वतः अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ते कार्य पथकातील दुसरे सदस्य, कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांचे. ते पुढे पुन्हा चीनला गेले, तेथे ही पद्धती शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात तिचा वापर करू लागले. डॉ. कोटणीसांच्या नावाने स्थापन झालेल्या स्मारक समितीच्या द्वारे त्यांनी तिचा प्रसार केला. पश्चिम बंगालने १९९६ साली याविषयी कायदा केला. आपल्या राज्यातही महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम, २०१५ अस्तित्वात आला असून, सुया टोचण्याचा व्यवसाय करणाऱ्यास त्याखाली नोंदणी आवश्यक आहे. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा. मंगल कार्यालयात दोन दिवसांचे शिबिर घेऊन तिसऱ्या दिवशी गाव सोडणाऱ्या उपचारकास ‘आपला नोंदणी क्रमांक दाखवा’ असे म्हणण्यास संकोचण्याचे कारण नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. प्रसूतीपूर्वी अ‍ॅक्युपंक्चर देण्याची युरोपातील प्रथा जर्मनी व ऑस्ट्रियात विशेष रुजली. जर्मनीतील मानहाइम येथील डॉ. रोमर यांनी घालून दिलेला क्रम तेथे ‘मानहाइम पद्धती’ म्हणून ओळखला जातो. छत्तिसाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा, याप्रमाणे साधारण चार बैठका होतात. गर्भवतीस अर्धवट बसत्या स्थितीत किंवा कुशीवर ठेवतात. दिवस भरत आलेल्या स्त्रीस उताणे निजविल्यास गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दाबली जाऊन तिला चक्कर येऊ शकते, म्हणून ही काळजी. सुया गुडघ्याखाली व घोट्याजवळ लावतात आणि सुमारे वीस मिनिटे ठेवून काढतात. पोटाला सुई लावीत नाहीत. हे वाक्य मी त्या मातोश्रींना वाचून दाखविले, तेव्हा त्यांचा जीव निम्मा भांड्यात पडला.

यातील एक बिंदू घोट्याच्या आतल्या बाजूस, हाडाच्या वर चार बोटांवर आहे. परंपरेने तो गरोदरपणी वर्ज्य मानलेला आहे, कारण त्याने कळा सुरू होतात अशी समजूत आहे. म्हणूनच तो दिवस भरत आल्याशिवाय वापरीत नाहीत. अंगठा व तर्जनी यांच्यामधील हाताचा बिंदूही त्याच कारणाने वर्ज्य. डोके दुखले की तो दाबण्याचा सल्ला मोबाईलवरील चित्रफितींमधून सर्रास दिला जातो, पण त्यात गर्भवतीचा अपवाद क्वचितच सांगितलेला असतो.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. छत्तिसावा आठवडा केव्हा लागला, हे कसे ठरवायचे? आपल्याकडे येणाऱ्या कित्येक भगिनी पाळीची तारीख सांगू शकत नाहीत. ‘पोळ्याच्या मागंपुढं’, ‘नागपंचमीला आली होती, नंतर नाही’ अशा खुणा त्या देतात. त्यावरून पंधरा दिवसांची चूक सहज होते. चाळीस आठवड्यांच्या हिशेबात ती लहान दिसते, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टीने ती फार मोठी. पहिल्या तीन महिन्यांत झालेली सोनोग्राफी असेल तरच हा हिशेब भरवशाचा ठरतो. म्हणजे ज्या स्त्रीने सुरुवातीपासून तपासणी केलेली नाही, तिच्या बाबतीत या सुयांचा विचारही करता येत नाही.

याचा उपयोग किती होतो? हिशेबनिसाच्या सवयीप्रमाणे मी आधी आकडे मागितले. १९९८ साली व्हिएन्ना येथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुया घेतलेल्या ५७ स्त्रियांत प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेचा, म्हणजे गर्भाशयमुख पूर्ण उघडेपर्यंतचा, मध्यक काळ १९६ मिनिटे आढळला, तर सुया न घेतलेल्या ६३ स्त्रियांत तो ३२१ मिनिटे होता. दोन तासांचा फरक! ज्या बाईने कळा सोसल्या आहेत, तिला दोन तास म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. न्यूझीलंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणातही, सुईणींकडून सुया घेतलेल्या १६९ स्त्रियांत औषधाने कळा आणण्याची वेळ कमी आल्याचे नोंदविले आहे.

तथापि दुसऱ्या निरीक्षणात तुलना झाली ती त्या भागातील इतर सर्व प्रसूतींशी. ज्या स्त्रिया हौसेने, वेळ काढून, आठवड्याला एकदा येतात, त्या मुळातच अधिक निरोगी व निश्चिंत असण्याचा संभव असतो. आपल्या पतसंस्थेत स्वतःहून मुदतीपूर्वी हप्ते भरणाऱ्या सभासदांवरून सर्व कर्जदारांचा अंदाज बांधला, तर त्या संस्थेचे काय होईल, हे सभासदांपैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून स्त्रियांचे गट पाडणे. असे अनेक प्रयोग एकत्र करून ‘कॉक्रेन’ या संस्थेने आढावे प्रसिद्ध केले आहेत. २०१७ सालच्या आढाव्यात कळा सुरू करण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर किंवा अ‍ॅक्युप्रेशर वापरलेले २२ प्रयोग व त्यांतील ३,४५६ स्त्रिया यांचा विचार आहे. त्यातून दिसते ते असे : सिझेरियनचे प्रमाण घटल्याचा स्पष्ट पुरावा नाही, सुयांनी गर्भाशयमुख मऊ होण्यास, प्रसूतीस अनुकूल होण्यास, काहीशी मदत होत असावी असे थोडे पुरावे आहेत. त्याच संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात प्रसूतीतील वेदनांसंबंधीचे २८ प्रयोग आहेत. त्यानुसार सुयांमुळे वेदनाशामक औषधांची गरज कमी होण्याची व स्त्रीचे समाधान वाढण्याची शक्यता आहे, तर नुसत्या बोटाने दाब देण्यानेही वेदना कमी जाणवू शकतात. पुराव्याचा दर्जा बहुतेक ठिकाणी मध्यम किंवा त्याहून खालचा.

माझ्या मते याचा अर्थ असा की, प्रशिक्षित हातांनी, योग्य स्त्रीस, योग्य आठवड्यात सुया लावल्यास अपाय होण्याचा संभव अल्प आहे, लाभ होण्याचा संभवही माफक आहे, आणि ‘सिझेरियन टळेल’ असे आश्वासन देऊन कोणी पैसे मागत असेल तर ते आश्वासन खोटे आहे. हे स्पष्ट लिहिण्याचे कारण, सिझेरियनची धास्ती आपल्या समाजात मोठी आहे व ती अगदीच निराधार नाही. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभरांपैकी २१.५ प्रसूती सिझेरियनने झाल्या. शासकीय रुग्णालयांत हे प्रमाण १४.३, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ होते. हे आकडे वाचणाऱ्या बापास सुईवाल्याचा आधार वाटला, तर दोष त्याचा एकट्याचा नाही.

त्याच सुमारास आपल्या तालुक्याच्या बंदी भागातील एका तांड्यावरील भगिनी तपासणीस आली. तेहतीस आठवडे झाले होते व बाळ पायाकडून होते. सोबतची सासू मात्र चिंतेऐवजी कौतुकात होती. पायाळू मूल म्हणजे भाग्याचे. त्याला जमिनीतले पाणी कळते, त्याने पाय लावला की कंबरेची उसण जाते, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण जन्मताना त्या बाळाचे डोके अडकू शकते, ही गोष्ट त्या कौतुकात विसरली जाते.

पायाकडून असलेल्या बाळासाठी चिनी वैद्यकात सुई नव्हे, तर ऊब वापरतात. पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी मॉक्सा नावाच्या वनस्पतीची जळती कांडी थोड्या अंतरावर धरतात. ही वनस्पती चैत्रात आपण देवाला वाहतो त्या दवण्याच्याच कुळातील. येथे अत्यंत आग्रहाने सांगावयाचे आहे की, हा डाग नव्हे. कातडीला स्पर्श होत नाही, फोड येता कामा नये. मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटावर तापल्या लोखंडाने ‘डंबा’ देण्याची प्रथा किती घातक आहे, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. त्या प्रथेस या उपचाराचे नाव पुढे करून कोणी आधार देऊ नये.

या उपचाराचा इतिहासही उद्बोधक आहे. १९९८ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात चीनच्या जिआंगशी प्रांतातील प्रयोग प्रसिद्ध झाला. पहिलटकरीण असलेल्या २६० स्त्रियांचे १३०-१३० चे दोन गट केले होते. पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत ऊब दिलेल्या गटात ९८ बाळे डोक्याकडून झाली, दुसऱ्या गटात ६२. प्रयोग करणाऱ्यांतील इटालियन डॉक्टरांनीच पुढे आपल्या देशात तो पुन्हा करून पाहिला. २००५ सालच्या त्या अहवालात, अनेक स्त्रियांनी उपचार अर्धवट सोडल्याने प्रयोग थांबवावा लागला आणि जो निष्कर्ष निघाला त्यात फरक दिसला नाही, असे त्यांनीच प्रांजळपणे लिहिले. स्वतःच्या पहिल्या यशाला दुसऱ्या अहवालाने छेद देणारी ही माणसे मला फार आदरणीय वाटतात. लेखापरीक्षणात अशी वृत्ती दुर्मिळ आहे. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याचे मत, नेहमीच्या देखरेखीसोबत ही ऊब दिल्यास जन्मवेळी पायाकडून असलेल्या बाळांचे प्रमाण बहुधा घटते, पण सिझेरियनवर तिचा परिणाम स्पष्ट नाही, असे आहे. बाहेरून पोटावर हात ठेवून बाळ फिरविण्याची पद्धत साधारण निम्म्या वेळा यशस्वी होते. परंतु ती शस्त्रक्रियागृह सज्ज असलेल्या ठिकाणी व तज्ज्ञ हातांनीच करावयाची. गावातील कोणी पोट चोळून बाळ फिरवून देतो म्हणत असेल, तर कृपया पोट त्याच्या हाती देऊ नये.

त्या भगिनीची अडचण निराळीच होती. पती-पत्नीच्या कोयत्याने मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि ऊसतोडीला जाण्याची तारीख ठरली होती. दर आठवड्यास उमरखेडला येणे म्हणजे एस. टी. चे भाडे, सोबतीच्या माणसाचा बुडालेला रोज आणि मुकादमाचा तगादा. अ‍ॅक्युपंक्चरच्या खर्चाचा अंदाज करताना मी आधी फक्त सुयांची किंमत धरली होती. ती नगण्य आहे. खरा खर्च चार खेपांचा आहे व तो रुग्णालयाच्या वहीत कधीच दिसत नाही. तिच्यासाठी आम्ही ऊब वा सुई यांपैकी काही केले नाही. तिचे हिमोग्लोबिन कमी होते, म्हणून शिरेतून लोह दिले आणि सदतिसाव्या आठवड्यातही बाळ फिरलेले नाही, हे पाहून नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठविले. आपल्यासाठी यवतमाळपेक्षा नांदेड जवळ. जिल्हा कोणताही असो, रस्ता महत्त्वाचा. तेथे सिझेरियन झाले, दोघेही सुखरूप परतली. पोटातून काढलेले मूल पायाळू धरावे की नाही, असा प्रश्न त्या आजीने आमच्या परिचारिकेस विचारला. तिने तो माझ्याकडे पाठविला. मी अद्याप उत्तर दिलेले नाही.

एक तिसरी घटना सांगणे भाग आहे, कारण खरे तर तिच्यामुळेच हा लेख लिहिला जात आहे. एका गर्भवतीचे पाणी घरीच गेले. कळा नव्हत्या. नातलगांपैकी कोणाला घोट्याजवळचा बिंदू ठाऊक होता. तो दाबला की कळा येतात, मग जाऊ, अशा भरवशावर त्या मंडळींनी दीड दिवस काढला. ती आमच्याकडे आली तेव्हा तिला ताप होता. बाळास जन्मतःच संसर्गाचे उपचार द्यावे लागले व आई-बाळ दोघांनाही अनेक दिवस रुग्णालयात राहावे लागले. दोघेही वाचली. बिंदू दाबल्याने अपाय झाला, असे नव्हे. अपाय झाला तो वाट पाहिल्याने. पाणी जाणे, अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर कोणताही बिंदू दाबत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वार खाली असणे, रक्तदाब वाढलेला असणे, जुळी बाळे, आधीचे सिझेरियन, रक्त गोठण्याचा विकार, अपुऱ्या दिवसांत कळा येण्याचा धोका, या स्थितींत सुयांचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञांच्या स्पष्ट लेखी संमतीविना करूच नये.

आपल्या आयुर्वेदातही प्रसूतीची पूर्वतयारी सांगितलेली आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवव्या महिन्यात मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तेलाचा अनुवासन बस्ती व तेलाचा पिचू यांचे विधान आहे. हेतू तोच, मार्ग मृदू व्हावा हा. तेही अर्हताप्राप्त वैद्यांकडूनच करावे. कोणत्याही समाजाने नवव्या महिन्यातल्या स्त्रीस काही न करता नुसते वाट पाहत बसविलेले नाही. डोहाळजेवणाच्या हिरव्या चुड्यातही काही अंशी तेच आहे.

विश्वस्त मंडळापुढे मी जो प्रस्ताव ठेवला, त्यातील पहिला भाग असा होता की, रुग्णालयात अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र विभाग सुरू करू नये. निर्धन रुग्ण निधी हा सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार देयकांच्या २ टक्के रकमेतून उभा राहतो. त्यातील एकही रुपया, जोवर प्रसूतीस आलेल्या एकाही निर्धन भगिनीस रक्ताची पिशवी कमी पडण्याची शक्यता आहे, तोवर या उपचारावर खर्ची टाकणे मला योग्य वाटले नाही. मात्र एखाद्या स्त्रीची इच्छा असल्यास, नोंदणीकृत उपचारकाने, सदतिसाव्या आठवड्यानंतर, आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतर, सीलबंद व एकदाच वापरावयाच्या सुयांनी उपचार करण्यास हरकत नसावी. वापरलेल्या सुया जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यातच जाव्यात. सुया उकळून पुन्हा वापरणाऱ्याकडून कावीळ ब व एच. आय. व्ही. यांचा धोका संभवतो. मंडळाने हा भाग चर्चेअंती संमत केला. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी सदतीसऐवजी छत्तीस का नको, असे विचारले. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे उत्तर होते, ‘‘पोळ्याच्या मागंपुढं.’’ ते सर्वांस समजले.

प्रस्तावाचा दुसरा भाग माझ्या मूळ मसुद्यात नव्हता. सुयांविषयीचे आढावे चाळताना त्याच संस्थेचा २०१७ सालचा आणखी एक आढावा हाती आला. प्रसूतीच्या काळात स्त्रीजवळ कोणी तरी सतत सोबत असण्यासंबंधीचे २६ प्रयोग व पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया त्यात आहेत. सोबत असेल तर प्रसूतीचा काळ थोडा घटतो, औषधे कमी लागतात आणि सिझेरियनही कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे सुयांकडून जी अपेक्षा होती व जी पुराव्याने पुरी होत नव्हती, ती बिनखर्ची सोबत पुरी करीत होती! भारत सरकारने २०१६ सालीच शासकीय रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवण्यास मुभा दिली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही ती आहे. आपण मात्र आजवर प्रसूतिकक्षाच्या दारावर ‘नातेवाईकांस प्रवेश नाही’ अशी पाटी लावून बसलो होतो. ती पाटी माझ्याच सहीने, माझ्याच कारकिर्दीत लागली होती. कारण शिस्तीचे होते. तीन प्रसूतिमेजांच्या मध्ये पडदे नव्हते. पडद्यांसाठी तरतूद नव्हती, कारण ती कोणी मागितली नव्हती.

आता पडदे लागले आहेत व प्रत्येक मेजाजवळ एक स्टूल ठेवले आहे. हा खर्च पाहू इच्छिणाऱ्या सभासदांना तो जमाखर्चात ‘किरकोळ दुरुस्ती व फर्निचर’ या सदरात सापडेल. आमच्या परिचारिकांनी सोबतिणींना कळांच्या वेळी कंबरेवर तळहाताने दाब कसा द्यावा व पाणी कधी पाजावे, हे शिकविण्यास प्रारंभ केला आहे.

जर्मनीहून आलेल्या त्या लेकीने शेवटी सुया घेतल्या नाहीत. नोंदणीकृत उपचारक मिळण्यासाठी नांदेडपर्यंत जावे लागले असते व नवव्या महिन्यात तेवढा प्रवास तिने नाकारला. चौदा तास कळा सोसून तिची प्रसूती नैसर्गिकरीत्या झाली. पहिल्या मेजाजवळच्या स्टुलावर तिची आई त्या चौदापैकी तेरा तास बसून होती. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हे मी वर पतसंस्थेच्या दाखल्याने सांगितलेलेच आहे.

गर्भवती भगिनींनी पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय रुग्णालयांत विनामूल्य तपासणी होते, तिचाही लाभ घ्यावा. आपल्या रुग्णालयात येताना माता-बाल संरक्षण कार्ड, पहिली सोनोग्राफी व असल्यास आधीच्या बाळंतपणाची कागदपत्रे सोबत आणावीत. प्रसूतीवेळी आत थांबणाऱ्या सोबतिणीचे नाव आठव्या महिन्याच्या तपासणीतच नोंदविले जाईल. ती आई, सासू, बहीण, नणंद वा जाऊ, कोणीही चालेल. निवड मात्र गर्भवतीची स्वतःची असेल व तिला ती एकटीलाच विचारली जाईल.